डावीकडचा तारा

नागपूर, मंगळवार, ९ ऑक्टोबर १९७३

१. तारकागुच्छातल्या रूपविकारी, म्हणजे कमी-जास्त तेजाच्या, ताऱ्यांचे तेज आम्ही शेजारच्या तीन स्थिर ताऱ्यांशी ताडून मोजतो. त्या तिघांतला एक स्वतःच मंद-तेजस्वी होतो. सात फोटोप्लेटांवर तपासले.
२. चार वाजता सरांना, माझ्या मार्गदर्शकांना, सांगितले.
३. सरांनी प्लेटा कपाटात ठेवून कुलूप लावले.

तुलनेचा ताराच स्थिर नाही, म्हणजे त्या तेजावरून काढलेले गुच्छाचे अंतर चुकले. सरांच्या गाजलेल्या निबंधातले, आणि सोमवारी जमा करायच्या माझ्या चार वर्षांच्या प्रबंधातलेही.

मी एवढेच म्हणाले होते, "सर, तुलनेच्या एका ताऱ्यात गडबड आहे."

"तो डावीकडचा ना?" ते म्हणाले. मग हसले. "चार वर्षं झोपली होती काय वं?"

"नाही सर. विश्वास ठेवला होता."

"माझ्यावर?"

"ताऱ्यावर."

"मग आता काहून उकरून राहिली? सोमवारी जमा कर. सही देतो मी."

आईने विचारले, सर काय म्हणाले? जमा कर म्हणाले, असे सांगितले. खोटे नाही. ती देवापुढे साखर ठेवायला गेली.

डावीकडचा. कोणता ते मी सांगितले नव्हते. वाक्य पुन्हा पुन्हा आठवून पाहिले, नव्हतेच सांगितले. अंदाजाने? तिघांतला एक, जमूही शकते. पण त्यांनी प्लेट उजेडात धरलीसुद्धा नाही. आणि माझ्या मोजणीच्या वह्या दर महिन्याला तपासून खाली सही करायचे.

उद्या द्यायची चिठ्ठी लिहिली:

"सर, सोमवारी मी प्रबंध जमा करणार नाही. डावीकडच्या ताऱ्याचे आपणांस कधीपासून ठाऊक होते, ते शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे."