पाच नटांवरच्या खुणा

अल अमेरात, मस्कत
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

महमूदभाई,

सलाम. मुनिबाभाभींनाही सांगा. मी ठणठणीत आहे, तुमच्या घरीही सगळे तसेच असोत. माझं अक्षर बघून पत्र बाजूला ठेवू नका. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, याहून सुधारणार नाही.

सध्या मी इथे अमेरातला एका गॅरेजात आहे. आधी सोहार, मग सलाला, मध्ये तीन महिने रुवीत एसीचं काम. अम्मी म्हणते, तुला कुठली जमीन चालते ते तरी सांग. सलालाला नारळ आहेत बरं का, रस्त्यावर शहाळी विकतात, अगदी चिपळूणसारखी. ते राहू दे. मला गाडीचं सांगायचंय.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे निसान जीटी-आर आली. जपानी. आपल्या गॅरेजच्या पत्र्यावर मी जिचं चित्र चिकटवलं होतं आणि तुम्ही म्हणाला होता, "हिला आधी आपल्या घाटातून नेऊन दाखव," तीच. गिअरबॉक्स पुढे नाही, मागच्या चाकांपाशी आहे, वजन पुढेमागे सारखं वाटलं जावं म्हणून. चारही चाकं ओढतात. पहिली आली तेव्हा चारशेऐंशी घोड्यांची ताकद होती. मग एवढी वर्षं तीच गाडी, पण बनवणाऱ्यांनी तिला सोडलंच नाही. जर्मनीच्या ट्रॅकवर न्यायची, घासायची, परत आणून सुधारायची. शेवटी साडेपाचशेच्या वर गेली. आता ऑगस्टपासून बनवणं बंद.

मालक ओमानी, शांत माणूस. काम झाल्यावर मला सीबच्या ट्रॅकवर बाजूला बसवलं. "यल्ला?" म्हणाला, म्हणजे निघू या का. मी हो म्हणेपर्यंत शंभर झाले होते. पाठ सीटला चिकटली, पोट मागेच कुठेतरी राहिलं. पण महमूदभाई, वळणावर खरी कमाल. मला वाटलं आता जाते, तर ती जमिनीला धरून अशी वळली, जशी रोजची वाट असावी.

आणि इंजिन. एकच माणूस ते पहिल्या बोल्टपासून शेवटपर्यंत हाताने जुळवतो, बंद स्वच्छ खोलीत. ताकुमी म्हणतात त्यांना, म्हणजे आपले उस्तादच. मग इंजिनावर त्या माणसाच्या नावाची पट्टी लावतात. बिघडलं तरी त्याचं, धावलं तरी त्याचं. मी बॉनेट उघडं ठेवून ते नाव बघत बसलो. रविकांत सर ओरडले, "नुमान, देवदर्शन झालं असेल तर चाकं लाव."

हे रविकांत सर आमचे फोरमन, महाडचे. चाक लावलं की ते टॉर्क पाना हातात देतात. नट पुरेसा आवळला गेला की पाना कट् बोलतो, मग नटावर पिवळ्या रंगाची रेघ. मी पाना लावला. कट् बोलला. रेघ मारायला ब्रश घेतला आणि हात पुढे जाईना. सर म्हणाले, "काय रे, रंग वाळला का?"

आता लिहितो. खडूचं.

इरफानचाचांच्या गॅरेजात नट आवळल्यावर त्यावर खडूची खूण करायची, हा तुम्हीच घातलेला नियम. त्या दिवशी प्रवासी जीपचं मागचं चाक मी लावलं. नट हाताने फिरवले आणि वेळ वाचावा म्हणून पाचही खुणा आधीच करून ठेवल्या. पाना आणायला वळलो, तेवढ्यात हायवेवर कुठलीशी विलायती गाडी बंद पडलीय असं कुणी म्हणालं. मी बघायला गेलो. तुम्ही खुणा पाहिल्या आणि ड्रायव्हरला चावी दिली. परशुराम घाटात चाक निघालं, जीपमधल्या एका बाईंचा हात मोडला. तुम्ही सगळ्यांसमोर सांगत होता, "खुणा होत्या, मी मोजल्या." चाचा म्हणाले, "चूक केलीस ती केलीस, वर खोटं बोलतोस?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. गप्प राहिलो. महिन्याने घर सोडलं.

अम्मीकडून कळतं, त्यानंतर तुम्हाला कुणी गॅरेजात घेतलं नाही, टेम्पो चालवता. ज्यांना इंजिनाला कान लावला की दुखणं कळायचं, ते.

आज सकाळी चाचांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "महमूदला सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. "मग मला आधी कशाला सांगतोस? त्याच्याकडे जाऊन काय तोंड दाखवायचं ते मला बघू दे, तू तुझं बघ." आणि फोन ठेवला.

तुम्ही माझा फोन उचलणार नाही. म्हणून हे पत्र रविकांत सरांच्या हाती देतोय, ते सोमवारी सुट्टीवर गावी निघालेत. त्यांनाही सगळं माहीत आहे. काही विचारायचं असेल तर विचारा, ते माझी बाजू घेणार नाहीत.

माफ करा असं वर दोनदा लिहिलं आणि खोडलं. ते कागदावर लिहून सुटायचं नाही. डिसेंबरात येतोय. त्या बाईंकडेही जायचं आहे, पण आधी तुमच्या दारात. भाभींनी आत घेतलं नाही तरी चालेल, मी बाहेर उभा राहीन, आणि या वेळी कुठे निघून जाणार नाही.

तुमचा म्हणायचा हक्क अजून नाही, म्हणून नुसताच,
नुमान