समोरची खुर्ची

५ जानेवारी, सोमवार

झाले एकदाची परिषदेची अध्यक्ष! बिनविरोध. रेडिओ म्हणाली, "बिनविरोध म्हणजे दुसऱ्या कुणालाच नको होतं." रेडिओ माझी मैत्रीण आणि आता उपाध्यक्ष. एकदा लागली की बंद होत नाही, म्हणून हे नाव. तिच्याकडे दुर्लक्ष केलं. अध्यक्षांनी लहानसहान गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात.

आमची ही परिषद दरवर्षी विद्यार्थीच भरवतात. शहर चालवणारी माणसं बोलवायची — इस्पितळाचे, बँकेचे, पाणीपुरवठ्याचे प्रमुख — आणि त्यांनी आमच्याशी बोलायचं. फलकावर लिहितात, "आजचे नेते, उद्याचे नेते : संवाद". गेल्या वर्षीचा संवाद असा — एकामागून एक भाषणं, मग आभार, मग आभारांचे आभार. मागच्या रांगेतली मुलं झोपलेली. मंचावरचे एक पाहुणेसुद्धा.

दुपारी प्राचार्य मॅडमनी बोलावून घेतलं. अभिनंदन वगैरे राहिलं बाजूलाच. "यंदा खरोखरीचं बोलणं झालं तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून परिषद बंद. हॉल बॅडमिंटनवाल्यांना देणार." झालं की नाही ते कसं ठरवणार, विचारलं. तर म्हणे, "प्रत्येक पाहुण्याला मी स्वतः फोन करणार आणि एकच विचारणार — पुन्हा याल का?"

इतकी वर्षं चाललेली परिषद माझ्या कारकिर्दीत बुडाली, असं होऊ देणार नाही. होऊच शकत नाही. मी आहे ना!

९ जानेवारी

सुचलं! मंच नाही, माईक नाही, भाषण नाही. हॉलभर छोटी टेबलं. प्रत्येक टेबलावर एक पाहुणा, समोर एक विद्यार्थी. अर्धा तास बोला. घंटा झाली की विद्यार्थ्यांनी उठून पुढच्या टेबलावर जायचं. नाव ठेवलं "समोरासमोर".

घरी सांगितलं. आई पोळपाट पुसत म्हणाली, "आणि पोरं विचारणार काय? पगार?"

आईला उत्साह म्हणून नाहीच.

१७ जानेवारी

कुणी येत नाहीये. फळ्यावर लावलेल्या कागदाखाली नावं किती, तर रेडिओचं, माझं, आणि कुणीतरी गंमत म्हणून लिहिलेलं शिपाईकाकांचं. ज्याला विचारावं तो म्हणतो, परिषद शनिवारी आहे, सुट्टी जाते. नाहीतर — मला काय मिळणार?

दुपारभर डोकं धरून बसले. मग एकदम उजेड पडला. काय मिळणार? पद मिळणार!

खुर्ची प्रमुख. पाणी प्रमुख. दिवे प्रमुख. पार्किंग प्रमुख. घंटा प्रमुख. प्रत्येकाला लाल बिल्ला. संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये माझ्याभोवती ही गर्दी! वाणिज्यचा एक लाजाळू मुलगा कधी "हजर" सुद्धा मोठ्यानं म्हणत नाही, तो येऊन म्हणतो, "मला प्रमुख नको, उपप्रमुख चालेल." दिला. मग सगळ्याच प्रमुखांना उपप्रमुख हवे झाले. दिले. आपल्या बापाचं काय जातं!

बिल्ल्याचं कापड संपलं. उद्या आणखी आणायचं.

२४ जानेवारी

आज फार मोठी गोष्ट झाली. शहर बससेवेच्या प्रमुख बाई येणार! यंदाच्या सगळ्यात मोठ्या पाहुण्या. तिकीट-खिडकीवर कामाला लागल्या आणि चढत चढत अख्ख्या बससेवेच्या प्रमुख झाल्या. संपाच्या वेळी स्वतः डेपोच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या, असं बाबा सांगतात. मी फोन केला तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. सचिव वगैरे कुणी नाही, बाईंनीच उचलला. "भाषण करावं लागेल का?" मी म्हटलं, नाही. "ऐकावं लागेल का?" म्हटलं, तेही नाही. "मग येते."

३१ जानेवारी

पाणी प्रमुख आणि चहा प्रमुख यांचं भांडण. उकळतं पाणी कुणाच्या अखत्यारीत? मी निवाडा दिला — पातेल्यात असेपर्यंत पाण्याचं, पत्ती पडली की चहाचं. दोघंही समाधानानं गेले. मजा येतेय. खरंच मजा येतेय मला.

६ फेब्रुवारी

सगळी तयारी झाली. हॉल बघून आले. टेबलं एका रेषेत, प्रत्येकावर पाहुण्याच्या नावाची पाटी, पांढरा कागद अंथरलेला. दिवे प्रमुखानं सगळे दिवे लावून आणि विझवून दाखवले, दोनदा. सगळी पोरं बिल्ले लावून हिंडतायत. अगदी फौज उभी केली मी!

रेडिओनं विचारलं, "उद्या तू कुठल्या टेबलावर बसणार?" मी कशाला बसू? मी सगळीकडे असणार. खरं सांगायचं तर मला मोठ्या माणसांशी बोलायला जमत नाही, तोंडाला कोरड पडते. माणसं कामाला लावायला मात्र फार आवडतं. आई म्हणते, हा गुण नाही, खोड आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला हात शिवशिवतायत. पण क्रमानंच लिहिते.

पाहुणे वेळेवर आले. पार्किंग प्रमुखानं गाड्या लावल्या. स्वागत प्रमुखानं स्वागत केलं, उपप्रमुखानं पुन्हा केलं. पाणी आलं, चहा आला. इस्पितळाचे डॉक्टर टेबलावर बसले, बँकेचे साहेब बसले, बसच्या बाई बसल्या. सगळे आपापल्या पाटीमागे. घंटा प्रमुखानं झकास घंटा वाजवली. हॉल शांत झाला.

आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या.

सगळ्या! एकूण एक! मी दारात उभी. पोरं भिंतीला पाठ लावून उभी, प्रत्येक जण आपापल्या जागी, बिल्ला छातीवर, एकदम शिस्तीत. खुर्ची प्रमुख खुर्च्या सांभाळतोय. दिवे प्रमुख बटणापाशी. बोलायला बसणारे कुठायत म्हणून मी बाहेर व्हरांड्यात बघितलं. व्हरांड्यात शिपाईकाका. मला म्हणाले, "सगळी आतच गेली की."

तेव्हा टाळकं ठिकाणावर आलं. सगळ्यांना मी प्रमुख करून ठेवलं होतं. समोर बसायचं म्हणून कुणी उरलंच नव्हतं.

तोंडचं पाणी पळालं. मॅडम पहिल्या खिडकीपाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. बँकेचे साहेब समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान डोलावत होते, जणू तिथं कुणी आहेच.

रेडिओ कानाशी आली. "काय करायचं?" मग तीच बिल्ला काढून खिशात घालत म्हणाली, "अध्यक्षबाई, बरखास्त करा." आणि जाऊन डॉक्टरांसमोर बसली. बसली ती सुरूच झाली.

मी टाळ्या वाजवून म्हटलं, "बिल्ले काढा. सगळ्यांनी. बसा." कुणी हलेना. पाणी प्रमुख म्हणतो, "मग पाणी कोण देणार?" म्हटलं, "ज्याला तहान लागेल तो घेईल." पहिल्यांदा तो वाणिज्यचा लाजाळू मुलगा हलला. बिल्ला काढला, चार घड्या घातल्या आणि सरळ पाणीपुरवठ्याच्या मुख्य अभियंत्यांसमोर जाऊन बसला. मग एकेक करत सगळी.

फक्त बसच्या बाईंच्या समोर कुणी बसेना. त्यांची धास्तीच तशी. सगळे दुसरीकडे वळले, आणि उभी राहिले मी एकटी.

बसले. तोंडाला कोरड. म्हटलं, "चहा आणू का?"

"घेतलाय."

"पाणी?"

"हे काय समोर." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बाळ, तुझं खानपान झालं असलं तर बोलूया का? काय शिकतेस?"

म्हटलं, भूगोल. दुसरं वर्ष.

तर बाई एकदम पुढं सरकल्या! म्हणाल्या, "मग मला एक सांग. आमच्या जुन्या डेपोची मागची भिंत दर दोन-चार वर्षांनी एकाच कोपऱ्यात खचते. बांधतो, खचते. सगळे मला खर्च सांगतात. का खचते ते कुणी सांगत नाही."

डेपो मला माहीत आहे, मागून ओढा जातो. म्हटलं, "ओढा तिथं काटकोनात वळतो ना?" म्हणाल्या, हो. म्हटलं, "मग तो आपला आपण वळलेला नाही. कुणीतरी वळवलाय. पूर्वी तो तुमच्या कोपऱ्याखालूनच जात असणार. पात्र बुजवलं, वर भिंत घातली. खालचा गाळ अजून बसतोय." टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर काढूनच दाखवलं. बाईंनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्यावर बसचे रस्ते काढले. मग विचारतच सुटल्या. टेकडीची माती लाल का, आणि पलीकडची काळी का. सकाळी धुकं नेहमी नाक्यावरच का बसतं. नदी एका काठाला खाते आणि दुसऱ्या काठाला का सोडते. मला अर्धं येत होतं, अर्धं नव्हतं. नव्हतं ते नाही म्हणून सांगितलं. तोंडाची कोरड कधी गेली, कळलंच नाही.

घंटा झाली. कुणी उठलं नाही. घंटा प्रमुख स्वतःच बँकेच्या साहेबांशी वाद घालत होता, घंटा दारापाशी टाकून. मग ती कुणी वाजवली देव जाणे.

आणि मी विचारून बसले. "बाई, तुम्हाला एवढं आवडतं, तर तुम्ही भूगोलच का नाही शिकलात?"

चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "घरात मी मोठी. तिकीट-खिडकीवर जागा निघाली." एवढंच. मग घड्याळ बघितलं, उठल्या आणि गेल्या. भेटवस्तूसुद्धा न घेता. भेटवस्तू प्रमुख पाठोपाठ धावला, तोवर गाडी गेली होती.

८ फेब्रुवारी

अंग दुखतंय, पण मजेत आहे. काल हॉलमध्ये जो गलबला झाला तसा या कॉलेजात मी तरी ऐकला नव्हता. अभियंत्यांनी वाणिज्यच्या मुलाला जाताना नावानं हाक मारली. तो अजून हवेत आहे.

फक्त बाई. आईला सांगितलं. ती म्हणाली, "दुखऱ्या जागी बोट ठेवलंस." आईला उत्साह नसतो, पण कळतं सगळं. वाईट वाटलं मला. फार वाटलं.

१३ फेब्रुवारी

मॅडमचे फोन सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, येईन. बँकेचे साहेब म्हणाले, येईन, पण त्या घंटेवाल्या मुलाचं मत चुकीचं आहे हे त्याला सांगा. अभियंते म्हणाले, येईन. बसच्या बाईंचा फोन लागत नाही.

१६ फेब्रुवारी

लागत नाही.

२० फेब्रुवारी

लागला. बाई "नाही" म्हणाल्या.

मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं, आवाज चढवला नाही. "पाहुणी म्हणून आता जमायचं नाही, एवढंच म्हणाल्या त्या. सगळ्यात मोठी पाहुणीच नाही म्हटल्यावर व्यवस्थापनापुढं मी कुठल्या तोंडानं जाऊ?" मी म्हटलं, चूक माझी आहे, मी नको ते विचारलं. मी काय विचारलं ते मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "प्रश्न वाईट नव्हता. पण जूनपासून हॉल बॅडमिंटनला."

रेडिओ आज दिवसभर बोलली नाही. त्याचंच जास्त वाटलं.

घरी येऊन खूप रडले. मग जेवले. जेवल्यावर विचार केला, आणि इथं लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. परिषद बुडवली मी. पण तो अर्धा तास पुन्हा मिळाला तर मी पुन्हा तेच विचारीन. कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला काम न सांगता नुसतं विचारलं. आणि काय सांगू, छान वाटलं होतं.

१५ जून, सोमवार

तिसरं वर्ष सुरू. सरांनी नकाशे आणायला पहिल्या वर्षाच्या वर्गात पाठवलं. दार ढकललं. पहिल्या बाकावर, सतरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या मधोमध, बसच्या बाई. नवी दप्तराची पिशवी. मार्चमध्येच मुदतीआधी निवृत्ती घेतली म्हणे. मला बघून उठून उभ्या राहिल्या. "प्रवेश मिळतो की नाही ठाऊक नव्हतं, म्हणून तुमच्या मॅडमना फोनवर जास्त बोलले नाही. आज सकाळी भेटून सगळं सांगितलं. परिषदेला हॉल देते म्हणाल्या." आणि आमच्याकडं पहिल्या वर्षानं तिसऱ्या वर्षाला म्हणायची पद्धत आहे, तसं अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या, "ताई, या वेळी माझ्यासमोर कुणाला बसवताय?"