हिराची योगा मॅट

२९ नोव्हेंबर, दुपारी ३
निर्णय पक्का. नऊ डिसेंबरले हिराचा वाढदिवस. या वर्षी साडी नाही. सुपेल्याच्या बाजारातून आजच योगा मॅट आणली, निळी, जाड. बायको रोज सायंकाळी पाचले गार्डनमधल्या योगा क्लासले जाते अन् जुनी सतरंजी अंथरून बसते. बाकीच्या नवऱ्यांच्या हे ध्यानातही येत नाही. माझ्या येते.
पॅकिंग मीच करणार. दुकानदाराच्या पॅकिंगमध्ये भावना नसते.

३० नोव्हेंबर
पेपर आणला, सोनेरी फुलांचा. मॅट घट्ट गुंडाळली, पेपर चढवला, टेप लावला. हात काढताच मॅट फुगली. पेपर फाटला.
पेपर हलका निघाला.

१ डिसेंबर, साडेपाच
हिरा क्लासले गेल्यावर पुन्हा बसलो. दोन पेपर जोडले, दोन्ही टोकं चॉकलेटसारखी पिळली. दूर उभं राहून पाहिलं तर तिरडीवर ठेवायचं काहीतरी वाटून राहिलं. सोडलं. टेप संपला.
सव्वीस वर्षं मी वायर रॉड मिलमध्ये तारेचे बंडल बांधून राहिलो. दोन टनाचं बंडल माझ्यासमोर हलत नाही. तंत्रात माझी चूक नाही, हे इथे लिहून ठेवतो.

२ डिसेंबर
बांधायची तार वापरून पाहिली. मॅटले खाच पडली. खाच मागच्या बाजूले जाईल.

४ डिसेंबर
यूट्यूबवर एक मुलगी दीड मिनिटात गिफ्ट बांधते. तिचा डबा चौकोनी असतो. डबा कोणीही बांधेल.
आमच्या ऐश्वर्याले पुण्याले फोन केला. मुलगी म्हणे, पापा, गिफ्ट बॅग घ्या ना, सीधा अंदर डाल दो. मी तिले समजावलं की आईसाठी थोडा विचार करावा लागते, असं कोंबून चालत नाही. ती म्हणे, ऑफिसचा कॉल येऊन राहिला.
एकट्यानेच करावं लागणार.

५ डिसेंबर
पेपर गेला. सहावा. आता एकच उरला. मॅट लाथेने दिवाणाखाली सरकवली. पाय दुखून राहिला.

६ डिसेंबर, सायंकाळी ७
घात झाला. हिराने झाडताना लांब झाडूने दिवाणाखालून मॅट ओढून काढली. फाटका पेपर, तार, सगळं घेऊन समोर उभी. "हे काय होय?"
मी म्हटलं, प्रफुल रिटायर होऊन राहिला, त्याचं गिफ्ट. प्रफुल आमच्या मिलमध्येच आहे. त्याची तीन वर्षं बाकी आहेत. पण नाव तेच तोंडात आलं.
"प्रफुलभाऊ योगा करतात?"
"सुरू करणार आहे."
ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली. आधी मॅट जुन्या नाड्याने दोन ठिकाणी बांधली, मग उरलेला पेपर तिरपा लावून गुंडाळला. टोकांले साडीच्या निऱ्यांसारख्या बारीक घड्या घातल्या अन् वर लाल रिबीन. दहा मिनिटं लागली. फोटो काढावा असं झालं. खाली सुबक अक्षर काढून कार्ड लावलं: प्रफुलभाऊंना, आम्हा दोघांकडून.
म्हणजे काम वेळेच्या तीन दिवस आधी झालं. नियोजन माझंच होतं.

८ डिसेंबर
कार्ड काढायले गेलो तर खालचं सोनेरी फूल निघून आलं. कार्ड परत चिकटवलं अन् नावावर गुलाबाचं स्टिकर लावलं. ‘भाऊंना’ थोडं दिसते. चालेल.

९ डिसेंबर, सायंकाळी ६
पाचले ती चप्पल घालून राहिली होती. मी गिफ्ट समोर धरलं. हिराने स्टिकर पाहिलं, मले पाहिलं.
"हे तर प्रफुलभाऊंचं."
मी सगळं सांगितलं. सतरंजीचंही सांगितलं, म्हणजे माझं लक्ष कसं असते ते तिले कळावं. ती दिवाणावर बसली. आपणच घातलेल्या घड्या तिने हळू सोडल्या, पेपर न फाडता. मॅटवर हात फिरवला.
"छान आहे," म्हणाली. "पण माझा योगा गणपतीपासून बंद आहे. डॉक्टरने वाकायले मना केलं. मणक्यात गॅप आहे."
"मग रोज पाचले कुठं जाऊन राहिली?"
"फिजिओथेरपीले."
"मले कावून नाही सांगितलं?"
"सांगितलं. दोनदा. तुम्ही हो म्हटलं."
मले आठवून नाही राहिलं. ती गेली. सहा वाजले, अजून आली नाही. तिथं किती वेळ लागते, माहीत नाही.

१० डिसेंबर
आजपासून हिरासोबत मी जाणार, असं सकाळीच जाहीर केलं. तिने नाही म्हटलं नाही.
पाचले स्कूटरवर दोघं गेलो. नवीन महिन्याचा फॉर्म भरायचा होता. मी म्हटलं, तू बस, मी भरतो. काउंटरवरच्या मुलीने पेन उचलून विचारलं, दर्द किस साइड है. मी हिराकडे पाहिलं. ती म्हणाली, डावीकडे. पैर में उतरता है क्या? हिरा म्हणाली, हो, पोटरीपर्यंत. रात को नींद आती है? मी म्हटलं, आती है. हिरा म्हणाली, नाही.
मुलगी चांगली होती. म्हणाली, "अंकल, आप उधर बैठ जाइए, मैं आंटी से ही पूछ लेती हूँ."
मी बसलो.