श्रीयुत इटवे

कोलोन, १२ मे १९६२

प्रिय आई,

आधी बातमी, मग बाकीचं रामायण. तुझी उल्का पास झाली! काल दुपारी तोंडी परीक्षा संपली आणि मी ऱ्हाईनच्या काठाने स्टेशनापर्यंत चक्क पळत गेले. लोक बघत होते, बघोत बापडे. घरी येऊन मालकीणबाईंच्या हातावर साखर ठेवली, तर त्यांना वाटलं मी परवा नेलेली साखर परत करतेय. शेवटी आपल्याकडची रीत समजावून सांगितली.

तुझं मागचं पत्र आलं, पण महिनाभर उत्तर लिहिलं नाही, कारण मी भयंकर चिडले होते. 'भावोजी थकले, आता मुद्रक म्हणून दिनकरचं नाव लावायचं म्हणतात, मी हो म्हटलं, नाव कुणाचं का असेना, काम होतंय ना,' असं तू लिहिलंस. अगं, बाबांनी छापखाना तुझ्या नावे ठेवला. पण ते गेल्यावर बाईमाणूस कोर्टात कशाला, म्हणून मॅजिस्ट्रेटपुढे 'मुद्रक मी' असा सहीचा जबाब भास्करकाकांनी दिला. त्याला अकरा वर्षं झाली. सांगलीतली प्रत्येक लग्नपत्रिका, हळदीच्या व्यापाऱ्यांचं प्रत्येक पावतीपुस्तक तू छापतेस, आणि तळाशी 'मुद्रक : भास्कर गोविंद करमरकर' ही ओळसुद्धा तूच जुळवतेस. काका त्या वेळी गणपतीच्या देवळात पारावर बसून जगाची चिंता करत असतात. आणि आता त्यांचा दिनकर! पोरगा गुणी आहे, नाही म्हणत नाही, पण हातात अक्षराचा खिळा दिला तर तो 'त' आहे की 'न' हे त्याला छापल्याशिवाय कळायचं नाही.

आता माझ्या श्रीयुत इटव्यांची गोष्ट ऐक. तीनेक वर्षं मी ज्यांच्यावर डोळे फोडले ते हे गृहस्थ. इथे चारशे वर्षांपूर्वी एक चोपडं निघालं होतं, आठच पानांचं. धान्याच्या कोठारावर बसलेल्या बड्या लोकांची त्यात अशी काही हजेरी घेतलीय की वाचताना मला तुझी भाजीवालीशी होणारी हुज्जत आठवायची. लिहिणाऱ्याचं नाव नाही, छापणाऱ्याचंही नाही. फक्त शेवटी एक ओळ : 'हे सांगितलं आणि जुळवलं मी.' त्यापुढे एक काळा डाग आणि त्याला चिकटून 'इटवे'. झालं! पंडितांनी ठरवून टाकलं की इटवे हे आडनाव, डाग म्हणजे शाई सांडलेली. कुणी या इटव्यांना पाद्री केलं, कुणी वकील. एकाने तर त्यांचं गावही शोधून काढलं.

मी ते पान पहिल्यांदा भिंगाखाली धरलं आणि मोठ्याने हसले. वाचनालयातली बाई धावत आली. शाई कसली सांडतेय! दोन बारकी काळी चौकटं, मध्ये पांढरी फट. उलटा घातलेला खिळा तो, त्याचे पाय उमटलेले. एखादं अक्षर खिळ्यांच्या केसमध्ये संपलं की तू नाही का, तेवढ्याच जाडीचा दुसरा खिळा उलटा घालून जागा धरून ठेवतेस? लहानपणी 'ळ' संपला की प्रुफावर ती काळी चौकटं मोजायचं काम माझंच होतं. मग मी त्या पानावरची अक्षरं मोजायला बसले. जर्मनमधला शब्दाच्या सुरुवातीचा कॅपिटल 'व' दर ओळीला लागतो, मधल्या छोट्या 'व'चा खिळा वेगळा. तळाकडे तो संपलाय, म्हणून दुसरी दोन अक्षरं जोडून वेळ मारून नेलीय, आणि शेवटच्या शब्दाला तीही उरली नाहीत. तिथे कॅपिटल 'व' घाल, आई. इटवे नाही, विटवे. जर्मनमध्ये विटवे म्हणजे विधवा.

नवरा मेल्यावर छापखाना दिराकडे सोपवावा असा तिला हुकूम होता, तो कागद मला नंतर सापडला. हुकमानंतरच्या आठवड्यातच तिने हे चोपडं काढलं. बिचारीला उलटा खिळा बदलायला सवड मिळाली नाही, आणि चारशे वर्षं तिचं श्रेय एका नसलेल्या पुरुषाला मिळालं.

काल परीक्षेत एक बडे प्रोफेसर हटूनच बसले. डाग तो डाग म्हणे. मी युनिव्हर्सिटीच्या छापखान्यातून मागून आणलेला खिळा काढला, त्याच्या पायांना शाई लावली आणि त्यांच्याच कागदावर दाबला. शेजारी जुन्या पानाचा फोटो ठेवला. म्हातारबुवांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, 'गेनाऊ.' म्हणजे अगदी बरोबर! मग विचारलं, हे कुठल्या विद्यापीठात शिकलात? मी म्हटलं, आईच्या छापखान्यात. सांगताना मला मुळीच लाज वाटली नाही.

आता मुद्द्याचं. इथे परीक्षा पास झालं तरी प्रबंध छापून त्याच्या दीडशे प्रती दिल्याशिवाय नावामागे डॉक्टर लावता येत नाही. कचेरीत फॉर्म भरताना बाईंनी विचारलं, छपाई कुठे? मी सांगितलं, सांगली. मुद्रकाचं नाव? तिथे मी शाईने लिहून आलेय : सुलेखा आत्माराम करमरकर. इंग्रजी खिळे तुझ्याकडे आहेतच, वर दोन टिंबं असलेली जर्मन अक्षरं पार्सलने पाठवलीत. भाषा येत नाही म्हणू नकोस, वकिलांची लेटरहेडं काय इंग्रजी शिकून छापलीस? काकांना माझा नमस्कार सांग, दिनकरला आशीर्वाद, आणि पत्र मिळाल्यावरच्या सोमवारी पदर खोचून कोर्टात मुद्रकाचा जबाब द्यायला जा. तू आपल्या नावाने सही केल्याशिवाय तुझी लेक डॉक्टर होत नाही.

तुझ्या सहीची वाट पाहणारी,
तुझीच
उल्का