आई निरक्षर

९ जुलै ८५, मंगळवार
आज विशेष शिक्षणाचा पहिला तास. बी.एड.ला हा ऐच्छिक विषय मी घेतला तो एवढ्याचसाठी की त्याचे तास सकाळी असतात आणि लेकीची, वै.ची, शाळा दुपारची; तिला धाडायला मी घरी पोचते. कर्णिक मॅडम शिकवतात. म्हणाल्या, काही मुलं चांगली हुशार असतात, डोळे-कान ठीक, तरी अक्षरांशी त्यांचं जमत नाही. ओळ सुटते, ओळखीचा शब्द पुढच्या पानावर अनोळखी होतो. ऐकलेलं मात्र सगळं तोंडपाठ. लर्निंग डिसॅबिलिटी. मराठीत अजून धड शब्द नाही म्हणे. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "आहे की. ढ." वर्ग हसला. मीही हसले. हसता हसता हात गार पडले. मॅडम सांगत होत्या ती आमची वैशाली होती.

१० जुलै
तिसरीत आहे, आठ वर्षांची. शाळेतल्या बाई म्हणतात लक्ष नाही. हे म्हणतात लाड झालेत. सासरे, म्हणजे मामा, म्हणतात, "माझी नात कलेक्टर व्हनार हाय, सूनबाई, लिहून ठेव." लिहून ठेवते.

१४ जुलै, रवि.
हे बाहेर, मामा विहारात. वै.ला जवळ घेऊन पुस्तक उघडलं. घडाघडा वाचला धडा. मला इतका आनंद झाला! मग सहज मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, "हा कोणता गं?" गप्प. दुसऱ्यावर ठेवलं. गप्प. पुस्तकाकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती, की तिथे काही कळतंय का. शेजारची, तिच्याच वर्गातली मीना ओट्यावर मोठमोठ्याने अभ्यास करते, ते ऐकून सगळं पुस्तक पाठ. पानं उलटते बरोब्बर.
किती दिवस करत असेल पोर हे? आणि मी शिक्षिका! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

१७ जुलै
ह्यांना सांगू का? सांगितलं की मामांना कळणार. मामांच्या वडलांना शाळेच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं. मामा स्वतः कामाला लागल्यावर रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले. आज सकाळी ओट्यावर बसून पेपर वाचतात तो अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. घरात एक वेळ डाळ नसली तर चालेल, पेपर पाहिजे. अशा माणसाला काय सांगू, की तुमच्या नातीला वाचता येत नाही?
आणि बाहेर कळलं तर एकच शब्द. मतिमंद. तो चिकटला की लग्नापर्यंत निघत नाही.

२८ ऑक्टो., पौर्णिमा
मामांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. विहारात वंदना झाली आणि म्हणाले, आता माझी नात गौतम आणि हंसाची गोष्ट वाचून दाखवील. मला बसल्या जागी घाम. वै. उठली, पुस्तक धरलं, खणखणीत सुरुवात. घरी मामांनीच चार-पाचदा वाचून दाखवली होती, तेवढं तिला पुरे. मध्येच दोन पानं एकदम उलटली गेली. हिचा हंस अजून जखमी होऊन पडलेला, आणि पुस्तकातला बरा होऊन उडालासुद्धा! मी शेजारी म्हणून मला दिसलं. बाकी कुणाला नाही. टाळ्या. मामांनी टोपीनेच डोळे पुसले. "लय भारी वाचलं पोरीनं."
परत येताना वै.ने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिला कळलं होतं की मला कळलंय.

१९ नोव्हें.
केस स्टडीला एक मूल हवं. त्याला चार महिने शिकवायचं आणि सगळं लिहून द्यायचं. मला नेमून दिलेल्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "आमच्या शाळेत तसली मुलं नाहीत." तसली! बाकीच्यांना मिळाली, माझ्या हातात कुणी नाही. नापास झाले तर? मी शिकवते त्या शाळेने बी.एड.ला रजा दिलीय, आणि हा विषय घेतल्याचं कळल्यावर, पदवी आली की मागे पडणाऱ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे द्यायचं ठरवलंय.
मूल घरात आहेच की.

२१ नोव्हें.
लिहायला घेतलं. नाव: कु. अ. वडील: कामगार, सातपूर. इथवर खरं. पुढे आई. शिक्षिका लिहिलं तर मॅडमना तत्क्षणी कळेल, आणि उद्या अख्ख्या कॉलेजला. पेन तसंच थांबलं. मग लिहिलं, आई निरक्षर. मजुरी. विंचूरला मार्केटात कांदे निवडायला जाते.
खोटं तरी कुठे सगळं? ही माझी आई. कांदे निवडायची, अंगठा उठवायची. जिवंत असती तर म्हणाली असती, "सुमे, माझं नाव कशाला गुतवलं गं मधीच?"

१२ डिसें.
परातीत बाजरीचं पीठ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं, काढताना मोठ्याने म्हणायचं. मॅडमनी शिकवलेली पद्धत (त्या वाळू म्हणाल्या होत्या). एका अक्षराला दोन-तीन दिवस. मामा बघत होते. "पिठात काय खेळ चालवलाय मायलेकींनी?" म्हटलं कॉलेजचा अभ्यास आहे. त्याच पिठाच्या भाकरी केल्या. वै. म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझा म खाल्ला." आज बऱ्याच दिवसांनी मी हसले.

९ जाने. ८६
मगर! स्वतः वाचलं. पाठ नव्हतं, चित्र नव्हतं, मी पाटीवर लिहिलेलं. आधी म, मग ग, मग र, आणि मग एकदम मगर! मी तिला उचलूनच घेतलं. हे म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, काही नाही. मगर.

२३ जाने.
मॅडमनी आतापर्यंतची केस तपासून दिली. उत्तम, असा शेरा. चिकाटीचं कौतुक. आणि खाली लाल शाईत: 'मूळ कारण घरी. आईचं अज्ञान व दुर्लक्ष. आईला भेटून समुपदेशन करावे.'
वाचून कानशिलं तापली. आमच्या घरी पेपराला पाय लागला तर पाया पडतात! आणि ज्या बाईला मी त्या रकान्यात बसवलं तिने कांदे निवडून मला बी.ए. केलं. बोलणार काय? लिहिलं मीच.
मॅडम चुकल्या त्या माझ्यामुळे चुकल्या. आता उपायही चुकीचेच सांगणार.

१८ फेब्रु.
सूचना लागली. तोंडी परीक्षा ११ मार्चला, बाहेरच्या परीक्षक येणार. प्रत्येकीने आपलं मूल बरोबर आणायचं. "शक्य तर आईलाही," मॅडम मला मुद्दाम म्हणाल्या. मी पटकन म्हटलं, ती येणार नाही मॅडम, विंचूरला असते. एवढ्या सफाईने खोटं बोलायला मी कधी शिकले?
जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, परीक्षेची भीती. तेवढं खरं होतं.

२ मार्च
वै.च्या जागी दुसऱ्या कुणाची मुलगी नेता येणार नाही, तशी मुलगीच हाताशी नाही. आजारी आहे म्हणावं तर केस रद्द, वर्ष वाया. सगळीकडून विचार करून झाला.
आज तिला सांगितलं. कॉलेजात मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. कुणी विचारलं तर, आई कांदे निवडते, तिला वाचता येत नाही, असं सांगायचं. मला वाटलं, का म्हणून विचारील. नाही विचारलं. मान डोलावली. लपवायची तिला सवय आहे.

८ मार्च
तालीम. "तुझी आई काय करते?" "कांदे निवडते, बाई." एकदाही चुकली नाही.

११ मार्च, मंगळ.
झाली.
हॉलच्या बाहेर बाकावर वै. सगळ्या मुलांत बसली होती, दोन वेण्या, पांढरी रिबन. माझ्याकडे बघायची नाही, अगदी अनोळखी. मीच चोरून बघत होते. चोराच्या मनात चांदणं. प्रत्येक जण आमची तोंडं ताडून बघतोय असं वाटत होतं. तिची हनुवटी माझीच आहे, हे मला आजवर सुचलं नव्हतं.
आत नेलं. पुण्याच्या परीक्षकबाई, चष्मा साखळीला. वै.ने पाटीवर लिहिलेले शब्द वाचले, अडखळत, पण स्वतः. मग त्यांनी विचारलं, "घरी कोण शिकवतं गं?"
"कुणी नाही. बाई शिकवतात."
"आणि आई?"
"आई कांदे निवडते. तिला वाचता येत नाही."
माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. परीक्षकबाई च्यक् च्यक् करत मॅडमना म्हणाल्या, "मुलगी चांगली चुणचुणीत आहे हो. आईपायी मागे पडली बिचारी." माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्यासारखी मिळाली म्हणून वाचली."
त्या हाताखाली मी उभी होते. जमीन काही फाटत नाही अशा वेळी.

१२ मार्च
जेवताना वै. म्हणाली, "बाई, भाकरी द्या ना." मामा खो खो हसले. "आईला बाई काय म्हनती गं? घरात शाळा भरली का?" हे पण हसले. वै. माझ्याकडे बघत राहिली, की आता काय म्हणायचं. भाकरी वाढली. वाढताना तूप सांडलं.
मॅडमनी आज थांबवून घेतलं. म्हणाल्या, "सुमनताई, त्या आईला मी स्वतः भेटते. रविवारी घरी असेल ना? मला पत्ता द्या." म्हटलं, परवा आणते.

१३ मार्च
वै.च्या तोंडात सकाळपासून 'बाई'च. दुपारी केस विंचरताना म्हटलं, वैशू, आता आई म्हण गं. परीक्षा संपली. तर मान वळवून, एकदम हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला पण नाही ना येत?"
"काय?"
"वाचायला. तूच तर तसं सांगायला लावलंस. तू पण माझ्यासारखी नुसती पानं उलटतेस ना?"
कंगवा हातातच राहिला.
"मी नाही सांगणार कुणाला. आजोबांना तर मुळीच नाही." मग मलाच समजावत म्हणाली, "मी तुला शिकवीन. म, ग, र झालंय माझं. पिठात काढायचं. रडायचं नाही."
इतके महिने एवढी मोकळी ती मला दिसली नव्हती. तिला सोबत मिळाली होती, म्हणून खूश होती! मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगितलं की ती पुन्हा एकटी. नाही सांगितलं तर ह्या खोट्यात तिला कायमची बसवली मी.
मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

१४ मार्च, शुक्र.
मनात तीन पत्ते तयार होते. एक विंचूरचा, एक गंगापूर रोडकडच्या मळ्यांतला, आणि एक, की बाई गाव सोडून गेली. मॅडमनी डायरी पुढे केली. मी लिहून दिला. आमचा दिला. घर नंबरासकट.
मॅडमनी वाचला. जवळची खूण विचारली. म्हटलं, सकाळी कुणी मोठ्याने पेपर वाचत असेल, तेच घर.
त्यांना कळलं की नाही, कळलं नाही. "दहाला येते," एवढंच म्हणाल्या. बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. केस खोटी ठरली तर निकाल जाईल. गेला तर जाईल असं म्हणायला जीभ रेटत नाही.

१५ मार्च, शनि.
घर सारवल्यासारखं पुसून काढलं. मामांनी विचारलं, "कोण पावनं?" म्हटलं, आमच्या मॅडम. झालं, इस्त्रीची टोपी काढून ठेवली. म्हणाले, "बरं झालं. वैशूकडून वाचून घेऊ की त्यांच्यापुढं, तो हंस." ह्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, मामा, उद्या मॅडम यायच्या आधी तुमच्याशी आणि ह्यांच्याशी थोडं बोलायचंय. "आत्ताच बोल की," म्हणाले. म्हटलं, सकाळी. एक रात्र तरी.
हे मात्र माझ्याकडे बघत राहिले.
वै.ला जवळ घेतलं. सांगितलं, उद्या कॉलेजातल्या मॅडम येणार आहेत आपल्या घरी. ती घाबरली. माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं, विहारातून येताना हात धरला होता तसं.
"मग उद्या मी तुला काय म्हणू?"