दोन नंबरचा खड्डा

३ मार्च
आले बाई एकदाची! सावेडीतून थेट पारनेरच्या या माळावर. पहिली नोकरी, स्वतंत्र खोली, वारा तर भन्नाट! काम सोपं आहे. दोन खड्ड्यांत पुरलेल्या धातूच्या कांड्या जमिनीतली वीज मोजतात आणि संगणकावर रेघ उमटते. भूकंपाआधी ती रेघ चढते, असं पुण्यातले सर मानतात. खड्डे रोज मिठाच्या पाण्यानं ओले ठेवायचे आणि काय ओतलं ते वहीत लिहायचं. शेजारच्या भामाबाई डबा देतात. जुन्या माळवदाच्या घरात एकट्याच राहतात. पिठलं झकास होतं.

९ मार्च
शी! दोन नंबरच्या खड्ड्यात गांडुळं. बोटाएवढी जाड, बुळबुळीत, एकमेकांत गुंतलेली, आणि वास सडक्या मासळीचा. तेही ऐन उन्हाळ्यात! भामाबाई हसल्या. भुईची लेकरं हायेत, भ्यायचं न्हाई म्हणाल्या. असतील, पण मला जेवण गेलं नाही.

११ मार्च
आज गोमीही निघाल्या. किळस आवरेना, फिनाईलची अख्खी बाटली ओतली. वळवळ थांबली, पण रेघ उसळली. इमानदारीत वहीत लिहिलं. सर फोनवर असे भडकले! आता आठ दिवस तुमची रेघ कचरा समजणार, म्हणाले.

१४ मार्च
रेघ पुन्हा चढतेय. सरांना दोनदा फोन केला. फिनाईलच बोलतंय ते, म्हणाले. माझीच करणी, कुणाला सांगू? बादलीत गांडूळ. चपलेत पण— ई!

१६ मार्च, सकाळ
तोंड धुताना ओठावर काहीतरी हललं. ओकले. रेघ पडद्याच्या बाहेर गेलीय. सर फोन उचलत नाहीत.

दुपार
भामाबाई तापानं फणफणल्यात. अंथरुणाखालची सारवलेली भुई हलतेय. गांडुळं, गोमी— उशीत, केसांत— त्यांना शुद्धच नाही. घर सोडायचं न्हाई, एवढंच पुटपुटतात. डोक्यावर ते मातीचं माळवद. एकटीला उचलवेना म्हणून चादर न्यायला खोलीवर आले.

त्या घरात मी फिनाईल ओतलेलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी हेही फिनाईलवर—

खालून गुरगुर. चादर मिळाली. त्यांना ओढूनच बाहेर—

टेबल हल