फणसोपकरांचं झाड नव्या साइटवर

३ सप्टेंबर २००७
मेल आली. फॅमिली ट्रीची आपली साइट महिनाअखेर बंद होणार. फुकट होती ना, मग होणारच. दोन वर्षं खपून मी पणजोबांपासूनचे सगळे फणसोपकर तिच्यावर चढवले होते. कुवेतचे, केपटाउनचे, एक दापोलीला जाऊन राहिलेला, तोसुद्धा. आता सगळं खटलं दुसऱ्या साइटवर हलवायचं. कोण हलवणार? मीच. एका दिवसाचं काम.

५ सप्टेंबर
नवी साइट क्रेडिट कार्ड मागते. माझ्याकडे रेशन कार्ड आहे. धाकट्या भावाला, इसाकला, कुवेतला फोन लावला. त्याने कार्डाचा नंबर दिला. त्यामुळे साइटवर खातेदार तो आणि मी 'सहायक'. ही निव्वळ तांत्रिक बाब. माझ्या मनात काही नाही.

इसाक बाहेर गेला, मी इथेच, गावात राजिवड्यात राहिलो. आईचं शेवटपर्यंत मी केलं. मत्स्य खात्यात हेडक्लार्क होऊन रिटायर झालो. तरी मशिदीबाहेर कोणी ओळख करून दिली की, हे इसाकभाईंचे भाऊ. मोठा मी, आणि भाऊ त्याचा! अंगाचा तिळपापड होतो. ईदच्या तिसऱ्या दिवशी खानदानाचं संमेलन आहे, इसाकही येतोय. स्टेजच्या मागे दहा फुटी फ्लेक्सवर माझं झाड लागेल. मग कळेल लोकांना गनी फणसोपकर कोण ते.

८ सप्टेंबर
बसलो. लोडशेडिंग.

९ सप्टेंबर
लाइट आहे. मूड नाही.

११ सप्टेंबर
अमरीन कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणून बापालाही शिकवते. म्हणाली, बाबा, आधी जुन्या साइटवरून फाइल उतरवा, नवीवर चढवा, मग एकेक नाव तपासा. मी म्हटलं, तपासायचं काय त्यात? टाइप मीच केलंय.

१४ सप्टेंबर
पहिला रोजा. उपाशीपोटी कॉम्प्युटरसमोर बसणं डोळ्यांना वाईट. डॉक्टर असं म्हणाले नाहीत, पण विचारलं असतं तर म्हणाले असते.

२२ सप्टेंबर
हफीजाने विचारलं, झाड हललं का? बायकोने अशा कामात पडू नये.

२९ सप्टेंबर
फाइल उतरवली. दोन मिनिटं लागली. उगाच लोक बाऊ करतात.

३० सप्टेंबर, इफ्तारच्या जरा आधी
फाइल चढवली. नवी साइट भलतीच हुशार. म्हणते, तुमच्या झाडात काही माणसं दोनदा आलेली दिसतात, एकत्र करू? आणि प्रत्येक जोडीला वेगळा प्रश्न! आमच्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, इब्राहिमच ढीगभर. कुठवर वाचत बसू? खाली 'सगळे मान्य' असं बटण होतं. स्वयंपाकघरातून भज्यांचा वास येत होता. दाबलं.

१ ऑक्टोबर
जुनी साइट गेली. आपलं झाड वाचलं. अमरीनने विचारलं, तपासलंत? हो म्हटलं. रोज्यात खोटं बोलू नये, पण हे खोटं नव्हे. तपासणारच होतो.

११ ऑक्टोबर
फ्लेक्सवाला अजिंक्य म्हणाला, काका, प्रूफ बघून घ्या. मी फक्त लांबी-रुंदी बघितली. 'संकलक : गनी फणसोपकर' ही ओळ खाली बसत नव्हती. म्हटलं, काढून टाक. झाडात माझं नाव आहेच. मोठेपणा म्हणतात तो हा.

१६ ऑक्टोबर
संमेलन झालं. झालं म्हणजे काय, उरकलं.

पडदा इसाकच्या हस्ते. टाळ्या. मग जुलेखा भाभी, म्हणजे इसाकची बायको, फ्लेक्सजवळ गेली आणि किंचाळली. इसाकच्या नावाखाली बायका दोन. एक जुलेखा, दुसरी हफीजा. खाली दोघींची मुलं, त्यांत आमची अमरीन. भाभीने विचारलं, हे कधीपासून चाललंय? इसाक कसमा खायला लागला. केपटाउनच्या पाहुण्यांना वाटलं, हीच आजची आनंदाची बातमी. त्यांनी मुबारकबाद दिली. हफीजा हसून हसून खुर्चीत कोसळली. म्हणाली, फ्लेक्सवर का होईना, कुवेतवाला मिळाला.

कारण अमरीनने शोधलं. आईने मला एकट्याला शाळेत पाठवलं नाही. इसाक दोन वर्षांनी लहान, तो मोठा होईपर्यंत थांबली आणि दोघांना एकाच दिवशी नेऊन घातलं. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे दोघांनाही एक जून लावला, वर्षही एकच. झाडात मी दाखल्यावरच्याच तारखा टाकल्या होत्या. बाप एक, आई एक, जन्मतारीख एक. साइट म्हणाली, नावं दोन, माणूस एकच. मी म्हटलं, मान्य. नाव ठेवलं ते खातेदाराचं.

बिर्याणी येईपर्यंत सगळे इसाकच्या दुसऱ्या बायकोवरून भांडत होते. झाडातून गेलं कोण, ते एकालाही दिसलं नाही. मी त्याच फ्लेक्ससमोर उभा होतो, नवी शेरवानी घालून! शेवटी मीच सांगितलं, अहो, मी कुठाय? तर म्हणाले, अरे हो की. आणि रायता पुढे सरकवला.

फार लागलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? इथे लिहितो.

१७ ऑक्टोबर, दुपार
आता कुणाची मदत नको. स्वतः साइट उघडली. 'नवीन व्यक्ती जोडा' दाबलं. नाव भरलं, बाप भरला, आई भरली, हफीजाला आणि पोरीला माझ्याकडे ओढलं. नीट, एकेक प्रश्न वाचून. उत्तर आलं : ही व्यक्ती तुमच्या कुटुंबातली आहे का, याची खात्री करण्यासाठी विनंती खातेदाराकडे पाठवली आहे.

खातेदार बाजूच्या खोलीत आहे. शेवया खाऊन घोरतोय. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. उठवून काय सांगू? बाबा रे, मी तुझा भाऊ आहे, हो म्हण?